तात्यांच्या बाजूची काच

निळ्या प्लॅस्टिकच्या ताडपत्रीचा मला मनापासून राग आहे, हे आधीच सांगून टाकते.

चिन्मयी, अर्णव, तुमच्या आईने फोनवर सुचवलं होतं की मुलांना आपल्याकडच्या उन्हाळ्याबद्दल काहीतरी छानसं लिहून पाठव. आंबे, पन्हं, गच्चीवरचे पापड. पन्ह्याबद्दल तुम्हाला कुणीही लिहील. यंदा चैत्र लागला, जळोचीच्या या घरात सकाळी दहालाच पडदे ओढायची वेळ आली, आणि मला दुसरंच काही दिसायला लागलं. धरणाच्या पाण्याकाठी ओढून ठेवलेली आपली बोट. तिच्यावर टाकलेला निळा कागद. त्याचं एक टोक सुटलेलं, आणि ते टोक बोटीच्या पुढच्या काचेवर दिवसभर फडाफड आपटतंय. आमच्याकडे त्या ताडपत्रीला कागदच म्हणतात. तेवढीच तिची लायकी.

गॅलरीत उभी राहिले की मला हा निळा रंग सगळीकडे दिसतो. समोरच्या अर्धवट बांधकामावर, वाळूच्या ढिगावर, कांद्यावर, कडब्याच्या गंजीवर, कुणाच्या तरी नव्या कोऱ्या मोटारीवरसुद्धा. पहिला महिना तो चकाकतो. दुसऱ्या महिन्यात पांढुरका पडतो. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्याच्या दशा सुटतात, त्या बाभळींना लोंबकळतात, चिमण्यांच्या घरट्यांत जातात, गाईंच्या पोटात जातात. मग माणूस बाजारातून दुसरा कागद आणतो. याबद्दल बोलावं तर उत्तर ठरलेलं असतं: "चालतंय की!" या दोन शब्दांनी आपल्या तालुक्यांचं जेवढं नुकसान केलं आहे, तेवढं दुष्काळानेही केलं नसेल. मी तेहतीस वर्षं बारामतीच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, आणि प्रत्येक वर्गाला पहिल्या दिवशी एकच वाक्य सांगितलं: भागवायचं नसतं, नीट करायचं असतं. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे ते लागणार आहे.

इथलं ऊन तुम्ही फक्त सुट्टीत आणि तेही डिसेंबरात पाहिलं आहे. त्याला ऊन म्हणत नाहीत. खरं ऊन आवाज करत नाही आणि घाईही करत नाही. ते प्लॅस्टिकच्या बादलीत बसतं आणि एक दिवस कडी हातात देतं. कपड्यांचे चिमटे दाबले की तुटतात. टाकीचं झाकण बोटाने टोकरलं तर पीठ पडतं. माणसांनी या उन्हाशी वागायची रीत बसवलेली आहे. डोक्याला टॉवेल, खिशात कांदा, बारा ते चार लिंबाखाली. जनावरांनाही कुणी दुपारी उन्हात बांधत नाही, बांधलं तर वाटेने जाणारा परका माणूसही ओरडतो. पण वस्तूंसाठी कुणी ओरडत नाही. वस्तू हंबरत नाहीत ना!

तुमच्या आजोबांनी मात्र बोटीसाठी अशी रीत बसवली होती.

बोट आपल्याकडे आली ती आजोबांच्या एका हट्टामुळे. इंदापूर तालुक्यातलं आपलं अर्धं रान धरणाच्या पाण्याखाली गेलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. उरलेलं काठावर आहे, तिथे आता तुमचा श्रीरंगमामा राहतो. आजोबा पुष्कळ वर्षं त्या पाण्याकडे पाठ करून बसायचे. मग एके दिवशी म्हणाले, "माझ्याच रानात जायला मला कुणाची बंदी आहे?" आणि मुंबईकडच्या खाडीतून एक जुनी फायबरची मोटारबोट ट्रकवर घालून घेऊन आले. पुढे सुकाणू, सुकाणूसमोर मोटारीला असते तशी तिरपी पारदर्शक काच. दोन तुकडे, मधे एक पट्टी. सुकाणू उजवीकडे, म्हणून उजवीकडचा तुकडा ही चालवणाऱ्याच्या बाजूची काच. अख्खा गाव बघायला आला होता. आमचं रान, आमची विहीर, आंब्याचं झाड, सगळ्यावरून आजोबा त्या बोटीतून फिरले आणि परत आल्यावर पहिल्यांदा पाण्याकडे तोंड करून बसले.

बोट चालवायला त्यांनी गेनबातात्यांना शिकवलं. तात्या आमच्या शेजारच्या रानातले. त्यांचं तर सगळंच पाण्यात गेलं होतं. तेव्हापासून ते आपल्याकडेच कामाला. बोट ते डोळ्यांनी जेवढी चालवायचे तेवढीच आठवणीने. "हितं पाटलांची हीर. हितनं जरा लांबनं घ्यायची," असं म्हणून सपाट पाण्यावर ते उगाच वळसा घालायचे, आणि नवख्या माणसाला वाटायचं म्हाताऱ्याला भ्रम झालाय. पण मे महिन्यात पाणी उतरलं की नेमक्या त्या जागी विहिरीचा काठ वर यायचा. उन्हाळ्यात पाणी रोज थोडं थोडं मागे सरतं. काल बोटीखाली खोल बुडालेलं बाभळीचं खोड आज वीतभरच खाली असतं. उपशाच्या मोटारी शेतकरी पाण्यामागे सरकवत नेतात, त्यांचे पाइप रोज नव्या जागी. म्हणून उन्हाळ्यात नुसती आठवण पुरत नाही. समोरचं स्वच्छ दिसावं लागतं.

त्या काचेसाठी आजोबांचा नियम होता: आधी पाणी, मग हात. बोट काठाला लागली की तात्या तांब्याने काचेवर पाणी सोडायचे, धूळ आपली आपण वाहू द्यायची, मग जुन्या धोतराचा ओला तुकडा वरून खाली एकदाच फिरवायचा. कोरडा हात लावायचा नाही. उन्हात तापलेली असताना तर अजिबात नाही. मग तिच्यावर कव्हर. ते कव्हर इंदापुरात ट्रॅक्टरच्या सीट शिवणाऱ्या एका कारागिराकडून आजोबांनी बसवून घेतलं होतं. राखाडी जाड कॅनव्हास, काच येते तिथे आतून मऊ फलाटीनचं अस्तर, बाजूंना वारा जायला दोन झडपा, आणि कडेला पट्टे, म्हणजे फडफड नाही. त्या कॅनव्हासचा उन्हात एक वास यायचा. तेल, माती, वाळलेलं शेवाळ. आजोबा गेल्यावर कितीतरी दिवस त्यांचा वास मला कपाटातल्या सदऱ्यांपेक्षा त्या कव्हराला जास्त येत होता.

ते कव्हर गेलं. कसं गेलं ते ऐका. आजोबांच्या वर्षश्राद्धाला सणसरचे आपले भाऊबंद आले होते. त्यांतल्या एकाला मळणीच्या गव्हावर टाकायला दोन दिवसांपुरतं काहीतरी हवं होतं. "रंगा, ते नुस्तंच पडलंय की." पडलंय! बोटीवर नीट पट्टे आवळून बांधलेल्या वस्तूला माणूस पडलंय म्हणतो. श्रीरंगने दिलं. दोन दिवसांचे चार महिने झाले. परत आलं तेव्हा अस्तर फाडलेलं होतं, म्हणे त्यात बियाणं बांधायला बरं पडलं, आणि मधोमध बिडीने जाळलेलं भोक. मी बोलले. भाऊबंद हसून म्हणाले, "वहिनी, कापडच हाय ते. माणसाला का लागलंय काय!" मग ते कव्हर गोठ्याच्या खिडकीला खिळे मारून लावलं गेलं आणि बोटीवर आला निळा कागद.

त्याच्या पुढचाच हा उन्हाळा. दोन वर्षांपूर्वीचा.

मी तेव्हा एप्रिल-मे श्रीरंगकडेच होते. आजही डोळे मिटले की तो काठ समोर येतो. पाणी पार आत गेलेलं, भेगाळलेला गाळ, भेगांमध्ये शिंपले, शंख आणि खेकड्यांची पोकळ कवचं. चाललं की पायाखाली सगळं कुरकुर वाजायचं. जाळलेल्या पाचटाची काळी राख वाऱ्याबरोबर येऊन ताटात पडायची. रोहित पक्षी निघून गेलेले, मागे राहिलेले बगळे म्हशींच्या पाठीवर बसून पेंगायचे. आणि या सगळ्यात तो कागद. सकाळपासून फट-फट-फट. धूळ त्याच्याखाली शिरायची, कागद वरून आपटायचा, आणि वाळूच्या कणाकणाने काचेवर रेघ उठायची. श्रीरंगला दहा वेळा सांगितलं. "बांधतो आई." बांधायचा, एका बाजूने.

तेव्हा मीच पदर खोचला. मला घाणेरडी काच बघवत नाही. आपल्या घरातल्या खिडक्या तुम्ही पाहिल्या आहेत, त्यांतून बाहेरचं दिसतं, खिडकी दिसत नाही. दर सोमवारी सकाळी दहाला मी टोपली घेऊन काठावर जायचे. टोपलीत शनिवार-रविवारची वर्तमानपत्रं, दवाखान्यातली स्पिरिटची बाटली आणि खिडक्या पुसायचा तो निळा फवारा. आजोबांच्या तांब्याभर पाण्याने काचेवर पांढरे ठिपके राहायचे, ते मला कधीच पसंत नव्हतं. मी स्पिरिट शिंपडून, वर्तमानपत्राचा बोळा करून, खसाखसा घासायचे. तुमच्या बाजूला जरा जास्तच, तात्या, असं मी म्हणायचेही, कारण चालवणाऱ्याला नीट दिसायला हवं. झाल्यावर काच अशी लखलखायची की त्यात माझा चेहरा दिसायचा. तात्या बाजूला पंचा खांद्यावर टाकून उभे राहायचे आणि काही बोलायचे नाहीत. मला वाटायचं, सबंध काठावर त्या बोटीची काळजी असलेली मी एकटी आहे.

मे महिन्याच्या शेवटी श्रीरंगचे सासरे, माझे व्याही, चार माणसं घेऊन आले. उन्हाळ्यात पाण्यातून वर येणारं जुन्या गावाचं देऊळ त्यांना बघायचं होतं. मीही बोटीत होते. जाताना सगळं छान. परत येताना साडेपाच वाजून गेलेले, तोंड पश्चिमेला, सूर्य थेट समोर आणि खाली. तात्या नेहमीपेक्षा हळू चालवत होते, मान सारखी काचेच्या वरून काढत होते. व्याही म्हणालेसुद्धा, "तात्या, बसून चालवा की, का उठबस लावलीय?" तात्या बसले. आणि दोन मिनिटांत धाडकन आवाज झाला. बोट एका बाभळीच्या खोडावर चढली, तिरपी झाली, व्याही पुढच्या फळीवर आपटले आणि त्यांच्या कपाळातून रक्त आलं. गुडघाभर पाणी होतं, कुणी बुडायचं नव्हतं. पण तेवढा वेळ बोटीतल्या माणसांच्या तोंडचं पाणी पळालं.

काठावर आल्यावर व्याह्यांनी कपाळाला रुमाल लावूनच निकाल दिला. "म्हाताऱ्याचे डोळे गेलेत. एवढं मोठं खोड दिसू नये?"

तात्या बोटीचा दोर बांधत होते. त्यांनी गाठ पुरी केली, मग म्हणाले, "समोर निस्तं पांढरं व्हतं, दादा."

"तेच म्हणतोय मी! पांढरं दिसतंय म्हणजे मोतीबिंदू."

दुसऱ्या दिवशी श्रीरंग त्यांना बारामतीला डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, एका डोळ्यात थोडी सुरुवात आहे, वयाप्रमाणे असतेच, काळजीचं काही नाही. घरी येईपर्यंत त्यातलं 'काळजीचं काही नाही' गळून पडलं. मोतीबिंदूच निघाला, असं सगळीकडे झालं. माझ्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे, पण म्हणून माझ्या हातातलं पेन कुणी काढून घेतलं नाही. तात्यांच्या हातातलं सुकाणू मात्र काढून घेतलं. किल्ली श्रीरंगकडे गेली. तात्यांना डाळिंबाच्या बागेत बसवलं, पाखरं हाकायला. एक पत्र्याचा डबा आणि एक काठी. मैलभरावरून पंखांच्या हालचालीवर पाखरू ओळखणारा माणूस डबा बडवत पोपट उडवू लागला. आणि लोक म्हणायचे, बघा, रंगादादांनी म्हाताऱ्याला कामावरनं काढलं न्हाय, मोठं मन हाय.

तुम्ही विचाराल, आजी, तू काय केलंस? मी त्या रात्री तणतणले. कव्हर नेणाऱ्यांवर, निळ्या कागदावर, श्रीरंगच्या अर्धवट गाठींवर, व्याह्यांच्या आवाजावर. मग जून लागला, मी जळोचीला परत आले. पण मी एक गोष्ट केली नाही, आणि त्या बोटीतल्या कुणीच केली नाही. संध्याकाळी साडेपाच वाजता तात्यांच्या जागेवर बसून, त्यांच्या बाजूच्या काचेतून कुणी पश्चिमेकडे पाहिलं नाही. दोन मिनिटांचं काम होतं.

दोन वर्षं गेली. यंदा श्रीरंग म्हणाला, आई, त्या काचा पार गेल्या, आता बोट विकूनच टाकू. मी म्हटलं, माझ्या जिवंतपणी नाही. दोन्ही तुकडे स्क्रू काढून मागवून घेतले आणि बारामतीत नावाच्या पाट्या करणाऱ्या सलीमभाईंकडे घेऊन गेले, म्हटलं याच मापाच्या नव्या कापून द्या. दुकानाबाहेर उन्हात उभं राहून त्यांनी एक तुकडा तिरपा धरला. मी तयारच होते. म्हटलं, "बघा, ताडपत्रीने काय हाल केलेत."

"ह्या रेघा ताडपत्रीच्या," ते म्हणाले. "ह्या वरवरच्या, पॉलिशनं जातील. पण हे बघा बाई." त्यांनी बोट ठेवलं तिथे, काचेच्या पोटात, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक बारीक चिरा होत्या. हजारो. ऊन पडलं की त्या सगळ्या एकदम पेटायच्या आणि पलीकडचं काही म्हणजे काही दिसायचं नाही. "ही आतनं तडकलीय. आणि ह्या एकाच तुकड्यात जास्त. कुणीतरी स्पिरिट लावत होतं का हिला?"

मी म्हटलं, "काच स्पिरिटनेच पुसतात."

"काच, हो. पण ही काच नाही ना बाई. ॲक्रिलिक आहे, प्लॅस्टिकचीच जात. हिला स्पिरिट, पेट्रोल, तो खिडकीचा निळा फवारा, काही चालत नाही. वरनं आपलं ऊन. एका उन्हाळ्यात खलास. आमच्या नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच सांगतो. पाणी आणि मऊ फडकं, बास."

पाणी आणि मऊ फडकं. आधी पाणी, मग हात. मी दुकानाच्या पायरीवर बसले. सलीमभाईंना वाटलं ऊन लागलं, त्यांनी पाणी आणलं.

त्या काचेवर पाच-सहा सोमवार मीच स्पिरिट घासलं होतं. आणि तात्यांच्या बाजूला जरा जास्त.

नव्या काचा तयार झाल्यावर त्या घेऊन मी इंदापूरकडे निघाले. पिंपळी गेली, सणसर गेलं. रस्ता रुंद झाला त्यात दुतर्फाची झाडं गेली, त्यामुळे आता गाडीतसुद्धा ऊन मांडीवर बसून येतं. एरवी मी सणसरला भाऊबंदांच्या दारावरून जाताना मनातल्या मनात चार शब्द सुनावते. या खेपेला तोंडच उरलं नव्हतं. राग मात्र कमी झाला नव्हता. त्याला फक्त बसायला दुसरी जागा मिळाली होती.

तात्या डाळिंबाच्या बागेत होते. मी जुना तुकडा त्यांच्या हातात दिला.

"काच व्हय? काढली जनू."

"तुमच्या बाजूची आहे. बघा यातून."

त्यांनी ती डोळ्यासमोर धरली. "आसंच दिसायचं. सांजच्याला तर धुकं पडल्यागत. म्हनून तर मी वरनं मुंडी काढायचो."

"हे माझ्यामुळे झालं, तात्या. त्या स्पिरिटमुळे."

"व्हय," तात्या म्हणाले.

"व्हय म्हणजे? तुम्हाला माहीत होतं?"

"म्हाईत म्हंजी, वास यायचा की. दवाखान्यावानी. आन् अप्पांनी सांगितल्यालं, हिला पान्याबिगर कायबी लावायचं न्हाय म्हनून." अप्पा म्हणजे तुमचे आजोबा.

मला भयंकर राग आला. "मग बोलला का नाहीत? दोन वर्षं इथे डबा बडवत बसलात, सगळ्या गावाने तुम्हाला आंधळा ठरवलं, आणि एका शब्दाने सांगितलं नाहीत?"

"तुमाला कोन बोलनार, बाई?" ते अगदी साधेपणाने म्हणाले. "माजी तिन्ही पोरं तुमच्या हाताखालनं गेली. रंगादादा बी तुमच्याम्होरं बोलत न्हाय. आन् मी म्हनलो व्हतो एकदा."

"कधी?"

"दुसऱ्या का तिसऱ्या सोमवारी. म्हनलो, बाई, नुस्त्या पान्यानं बी भागतंय की. तुमी म्हनला, तात्या, भागवायचं नसतं, नीट करायचं असतं."

मुलांनो, मला ते आठवलं. अगदी नीट आठवलं. मी त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नव्हतं. त्यांचं बोलणं मी 'चालतंय की'च्या हिशेबात टाकून मोकळी झाले होते.

त्या संध्याकाळी मी श्रीरंगला, सुनेला आणि फोनवर व्याह्यांना, जिथे जिथे तात्यांचे डोळे गेले असं ठरलं होतं त्या सगळ्यांना, एकेकाला सांगितलं. व्याही म्हणाले, "जाऊ द्या हो विहीणबाई, झालं ते झालं." मी म्हटलं, "झालं नाही, केलं. काच मी घालवली आणि दोष तुम्ही त्यांच्या डोळ्यांना दिलात. आपण दोघांनी त्यांच्याकडे जायचं." ते अजून आलेले नाहीत. मी वाट बघते आहे, आणि मी विसरणारी बाई नाही.

श्रीरंग मात्र गेला. किल्ली घेऊन. तात्यांनी ती लगेच घेतली नाही. दोन दिवस डबाच बडवत राहिले. मला वाटतं, तेवढा त्यांचा हक्क होता. तिसऱ्या दिवशी काठावर आले तेव्हा श्रीरंग नव्या काचा बसवत होता आणि मी गोठ्याच्या खिडकीचं ते राखाडी कव्हर उसवून, धुऊन, भोकाला ठिगळ लावून, आत नवं फलाटीन घालून मांडीवर घेऊन बसले होते. निळा कागद मी स्वतः घडी करून बाजूला ठेवला होता. उंदीरसुद्धा तो नेणार नाही.

तात्या म्हणाले, "चालवतो. पर एक हाय."

"बोला."

"काच मी पुसनार. तुमी हात लावायचा न्हाय. कागूद न्हाय, बाटली न्हाय, कायबी न्हाय."

तेहतीस वर्षं मी लोकांना काय करायचं नाही ते सांगत आले. "व्हय तात्या," मी म्हटलं. हा शब्द माझ्या तोंडातून पहिल्यांदाच गेला असेल. श्रीरंग हसला, मी त्याच्याकडे पाहिल्यावर थांबला.

परवा संध्याकाळी साडेपाचला आम्ही पाण्यावर होतो, तोंड पश्चिमेला. तात्या बसून चालवत होते, ताठ, मान न हलवता. "हितं खोड हाय," म्हणून त्यांनी वळसा घातला, आणि डावीकडे पाण्याखाली काळं काहीतरी सरकून गेलं. ते सुकाणूवर तसे नेमके बसलेले पाहून मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याहून जास्त, या दोन उन्हाळ्यांचा संताप आला. ते उन्हाळे त्यांना आता कोण परत देणार? माझ्या माफीने ते येत नाहीत. तुम्ही मोठे झालात आणि कुणाबद्दल चारचौघांत काही ठरायला लागलं, तर आधी त्या माणसाच्या जागेवर जाऊन बसा आणि तिथून काय दिसतं ते बघा. आणि तुमच्यासमोर कुणी बोलत नसेल, तर ते तुमचं मोठेपण समजू नका.

बोट वळली तसं पाणी उडालं आणि नव्या काचेवर थेंब बसले. उन्हाने ते बघता बघता वाळले आणि मागे पांढरे ठिपके राहिले. बरोबर तात्यांच्या समोर, चार-पाच. मी मागच्या फळीवर बसले होते. माझा हात आपोआप पदराच्या टोकाकडे गेला आणि मी अर्धी उठले.

"बाई," तात्या म्हणाले. मागे वळूनसुद्धा न बघता.

मी पदर सोडला आणि खाली बसले.